नार्कोलेप्सी आणि आपलीच प्रतिकारशक्ती: फोंड्याच्या एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याजवळ राहणाऱ्या एका आईची मुलगी १५ वर्षांची आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात तिला ताप येऊन गेला. पुढच्या काही महिन्यांत ती वर्गात, कदंब बसमध्ये, कधी जेवता जेवता झोपू लागली. यंदा चवथीला भावंडं हसवत असताना तिचे गुडघे दुमडले आणि ती गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखालीच कोसळली. शुद्ध मात्र पूर्ण होती, सगळ्यांचं बोलणं ऐकू येत होतं. आधी फीट समजून औषधं चालली, मग निदान झालं: नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, टाइप १. डॉक्टर म्हणाले की बहुधा तिच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूतल्या पेशी मारल्या. आई विचारते: हे खरं का? तापामुळे झालं की लशीमुळे? प्रतिकारशक्तीवर उपचार करून हे मागे फिरवता येईल का? काढे द्यावेत का? आणि धाकट्या मुलालाही होईल का?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. होय, बहुधा तसंच झालं आहे. झोपेच्या आजारांचे रुग्ण मी बरीच वर्षं गोव्यात पाहतो आहे आणि या आजारामागे प्रतिकारशक्तीचा हात आहे असं मला ठामपणे वाटतं. पण ज्या पुराव्यावरून वाटतं तो बराचसा परिस्थितीजन्य आहे. त्यात कुठे बळ आहे आणि कुठे भोकं आहेत हे तुम्हाला कळलं, तर कोणी महागडे इंजेक्शन किंवा "इम्युनिटी बूस्टर" सुचवला तर तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

काय हरवलं आहे ते पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. त्यात मोजक्याच पेशी हायपोक्रेटिन नावाचं रसायन बनवतात. त्यालाच ओरेक्सिनही म्हणतात. अख्ख्या मेंदूत या पेशी ५० ते ८० हजारांच्या घरात, म्हणजे अब्जावधी पेशींच्या तुलनेत जवळजवळ नगण्य. पण जाग टिकवून ठेवण्याचं काम त्यांचं. स्वप्नांची झोप दिवसा मध्येच घुसू नये हेही त्याच पाहतात. स्वप्न पाहताना आपले स्नायू सैल पडलेले असतात, ते नैसर्गिक आहे. तुमच्या मुलीचे गुडघे हसताना दुमडले, कारण तीच शिथिलता जागेपणी आली. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. फीटमध्ये बहुधा शुद्ध हरपते, इथे हरपत नाही. ही एक गोष्ट नीट विचारली गेली असती तर तुमचे मधले महिने वाचले असते.

हायपोक्रेटिनचा शोध १९९८ मधला, दोन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी लावलेला. पुढच्याच वर्षी नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन आणि लॅब्राडोर कुत्र्यांत या रसायनाचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, बनवणाऱ्या जनुकातच बिघाड सापडला. सगळ्यांना वाटलं, आता माणसातही तसाच बिघाड सापडणार. सापडला नाही. लहानपणीच, सहा महिन्यांच्या वयात आजार सुरू झालेल्या एका रुग्णात खुद्द हायपोक्रेटिनच्या जनुकात बिघाड होता. बाकी रुग्णांची जनुकं ठीक होती. मग २००० मध्ये मृत रुग्णांचे मेंदू तपासले गेले आणि दिसलं की हायपोक्रेटिनच्या ८५ ते ९५ टक्के पेशी गायब आहेत. त्यांच्यातच मिसळून असलेल्या, दुसरं रसायन बनवणाऱ्या पेशी मात्र जागच्या जागी होत्या.

इथे जरा थांबा, कारण माझ्या मते पुढचं सगळं यावर उभं आहे. रक्तपुरवठा तुटला असता, मार लागला असता किंवा एखादं विष गेलं असतं, तर शेजारच्या पेशीही मेल्या असत्या. इतकी निवडून केलेली हानी शरीरात दुसऱ्या एका ठिकाणी आपण रोज पाहतो: टाइप १ मधुमेहात. तिथे स्वादुपिंडातल्या फक्त इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी जातात, आणि त्या मारतात आपल्याच प्रतिकारशक्तीच्या टी पेशी. म्हणून शंकेची सुई इकडे वळली.

खरं तर ती त्याच्याही आधी वळली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या डॉक्टरांना आढळलं की त्यांच्या जवळजवळ सगळ्या नार्कोलेप्सीच्या रुग्णांत एचएलएचा एक ठरावीक प्रकार आहे. एचएलए म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे आणि बाहेरून आलेल्या जंतूंचे तुकडे ते ताटात वाढल्यासारखे टी पेशींपुढे मांडतं, आणि टी पेशी ठरवतात हे आपलं की परकं. प्रत्येकाचं ताट जरा वेगळं, म्हणून कोणता तुकडा त्यात बसेल हेही वेगळं. पुढे नेमका प्रकार कळला: डीक्यूबी१ ०६:०२. कॅटाप्लेक्सी असलेल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांत तो सापडतो. कोणत्याही आजाराचा एचएलएशी इतका घट्ट संबंध फार क्वचित दिसतो. २००९ मध्ये टी पेशींच्या स्वतःच्या ग्राहकाच्या जनुकातही या आजाराशी जोडलेला फरक मिळाला. म्हणजे तुकडा मांडणारं प्रथिन आणि तो ओळखणारी पेशी, दोन्ही बाजूंनी बोट एकाच दिशेला जातं. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

पण आता दुसरी बाजूही ऐका. तोच डीक्यूबी१ ०६:०२ सर्वसाधारण निरोगी माणसांतही असतो, वेगवेगळ्या लोकसमूहांत साधारण १२ ते ३८ टक्क्यांमध्ये. आजार मात्र होतो सुमारे दोन हजारांत एकाला. त्यामुळे जनुकाने दार उघडं ठेवलं एवढंच म्हणता येईल. आत कोण शिरलं ते वेगळं शोधावं लागतं. जुळ्या भावंडांचंच पाहा. जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांत एकाला नार्कोलेप्सी असेल तर दुसऱ्याला ती असण्याचं प्रमाण साधारण २५ ते ३० टक्केच निघतं. बाकीचं बाहेरून येतं.

बाहेरून काय येतं, हे कळायला २००९ ची स्वाइन फ्लूची साथ कारण झाली. तुमचा लशीचा प्रश्न इथलाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या साथीत युरोपात पँडेमरिक्स नावाची लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली. तिच्यात एएस०३ नावाचं, प्रतिकारशक्तीला जोरात चेतवणारं पूरक द्रव्य होतं. ऑगस्ट २०१० मध्ये स्वीडन आणि फिनलंडमधल्या डॉक्टरांनी सांगितलं की लस घेतलेल्या मुलांत नार्कोलेप्सी एकाएकी वाढलेली दिसते आहे. फिनलंडमध्ये नीट मोजलं गेलं: ४ ते १९ वयोगटात धोका सुमारे १२ पट झाला होता. आकडा धडकी भरवणारा आहे, पण मुळात आजारच दुर्मीळ. तिथल्या हिशोबाने लस घेतलेल्या साधारण १६ हजार मुलांमागे एकाला हा आजार लशीमुळे झाला. ज्या घरात तो झाला त्या घरासाठी ते प्रमाण छोटं नव्हतं, हेही मी विसरत नाही. ज्यांना झाला ती मुलं जवळजवळ सगळी डीक्यूबी१ ०६:०२ ची वाहक होती.

नुसती लसच दोषी, असं म्हणायला मात्र चीन आड येतो. बीजिंगमध्ये वर्षानुवर्षांच्या नोंदी पाहिल्या तर नार्कोलेप्सीची सुरुवात हिवाळ्यातल्या सर्दी-तापाच्या मोसमानंतर काही महिन्यांनी, वसंतात, जास्त होताना दिसली. २००९ च्या साथीनंतर तिथे नवे रुग्ण सुमारे तिप्पट झाले, आणि त्यांतल्या फार थोड्यांनी लस घेतली होती. म्हणजे फ्लूचा विषाणू स्वतःही हे करू शकतो. त्याशिवाय, नुकत्याच आजारी पडलेल्या काही रुग्णांत स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूविरुद्धच्या, म्हणजे घशाच्या संसर्गातल्या, प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) पातळी वाढलेली सापडली आहे. दुसऱ्या पूरक द्रव्याच्या, एमएफ५९ च्या, साथीच्या लशीत पँडेमरिक्ससारखी वाढ दिसली नाही. म्हणून लस म्हणजे धोका असं सरसकट गणित मांडता येत नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ काय? पँडेमरिक्स आता कुठेच वापरात नाही, आणि तुमची मुलगी त्या साथीनंतर जन्मलेली. आपल्याकडच्या बालकांच्या नेहमीच्या लशींशी नार्कोलेप्सीचा असा संबंध दिसलेला नाही; आजच्या हंगामी फ्लूच्या लशीशीही नाही. उलट फ्लूच स्वतः संशयित आहे, तेव्हा लस टाळून घरातल्या मुलांना वाचवता येईल हा विचार उलटा पडेल. पावसाळ्यातल्या त्या तापाने ठिणगी टाकली का? टाकली असू शकते. पण आपल्याकडे पावसाळ्यात कोणत्या मुलाला ताप येत नाही? डेंगी असो, साधा विषाणू असो, घरोघरी येऊन जातो. तिला तो कोणत्या जंतूचा होता हे आता तपासून कळणार नाही आणि कळलं तरी उपचार बदलणार नाही. तुम्ही लिहिलं आहे, "तेव्हाच पणजीला न्यायला हवं होतं." ताई, त्या आठवड्यात तुम्ही तिला कुठेही नेलं असतं तरी कोणताही डॉक्टर हे थांबवू शकला नसता. तेव्हा थांबवण्यासारखं काही दिसतच नव्हतं, आणि थांबवायला औषधही नव्हतं.

आता मुख्य गुन्हेगाराकडे, टी पेशींकडे. इथे शास्त्रज्ञांची बरीच दमछाक झाली आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या गटाने लिहिलं की फ्लूच्या विषाणूचा एक तुकडा आणि हायपोक्रेटिनचा तुकडा एकमेकांसारखे आहेत, म्हणून विषाणूवर निघालेल्या टी पेशी चुकून आपल्याच पेशींवर जातात. किती सुबक उत्तर! आम्हा सगळ्यांना ते पटलं होतं. पण पुढच्याच वर्षी त्यांना स्वतःचाच प्रयोग पुन्हा जमेना, आणि त्यांनी तो निबंध जाहीरपणे मागे घेतला. मला या गोष्टीचा आदर वाटतो. इंटरनेटवर अजूनही तो सिद्धांत सिद्ध झाल्यासारखा सांगितला जातो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

नंतर २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने जास्त संवेदनशील पद्धती वापरून दाखवलं की रुग्णांच्या रक्तात हायपोक्रेटिन ओळखणाऱ्या सीडी४ टी पेशी, म्हणजे इतर पेशींना चेतवणाऱ्या टी पेशी, खरोखरच आहेत. त्यांना त्याच पेशी फ्लूलाही ओळखतात असं मात्र आढळलं नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या नव्या कामात दोन्हींना ओळखणाऱ्या पेशींचे संकेत मिळाले. दोघांचं अजून पूर्ण जुळलेलं नाही. मग २०१९ मध्ये डेन्मार्कमधून प्रत्यक्ष मारेकरी असू शकणाऱ्या सीडी८ टी पेशी सापडल्याचं आलं, पण तशाच पेशी हे जनुक असलेल्या काही निरोगी माणसांतही होत्या. उंदरांवरच्या एका फ्रेंच प्रयोगात मात्र चित्र बरंच स्पष्ट दिसलं: सीडी४ पेशी आत शिरून सूज आणतात, पण हायपोक्रेटिनच्या पेशी प्रत्यक्ष मारतात त्या सीडी८. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तरी माझा कल या चित्राकडे आहे.

भोकं कुठे आहेत तेही सांगतो. प्रत्येक रुग्णात सापडेल असं एकही प्रतिपिंड मिळालेलं नाही, म्हणून रक्ताच्या साध्या तपासणीने "हा प्रतिकारशक्तीचा आजार" असं सिद्ध करता येत नाही. निदान होईपर्यंत पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात सुजेच्या खुणा दिसत नाहीत, एमआरआय सहसा स्वच्छ येतो. अलीकडच्या काही मरणोत्तर अभ्यासांतून तर आणखी एक शक्यता पुढे आली आहे: काही पेशी मेल्या नसून गप्प केल्या गेल्या असतील, त्यांच्या जनुकावर कुलूप पडलं असेल. हे अजून पुरतं ठरलेलं नाही. पण खरं ठरलं, तर कुलूप उघडण्याची आशा निर्माण होते, म्हणून त्या कामाकडे माझं बारीक लक्ष आहे.

तुमचा तिसरा प्रश्न: प्रतिकारशक्तीवर उपचार केला तर? हा मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणाऱ्या आईबापांच्या डोळ्यांतली आशा पाहून उत्तर देणं जड जातं. कॅटाप्लेक्सी दिसून निदान होईपर्यंत बहुतेक पेशी गेलेल्या असतात. मग हल्ला थांबवून उरतं काय? स्टिरॉइड, शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं), हे सगळं आजार सुरू झाल्याझाल्या देऊन पाहिलं गेलं आहे. काही रुग्ण सुधारल्याचं लिहिलं गेलं, पण सुरुवातीच्या महिन्यांत कॅटाप्लेक्सी आपणहूनही कमीजास्त होते. फ्रान्समध्ये इम्युनोग्लोब्युलिन दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांची तुलना केली तेव्हा एकूण फरक दिसला नाही. त्या इंजेक्शनांचा खर्च लाखांत जातो आणि त्यांचे स्वतःचे धोके असतात. नेहमीच्या नार्कोलेप्सीसाठी मी ती लिहीत नाही. अपवाद आहेत: क्वचित एखाद्या रुग्णात एक्वापोरिन-४ किंवा एमए२ या आपल्याच प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे हायपोथॅलॅमसलाच सूज येऊन नार्कोलेप्सीसारखी लक्षणं दिसतात. तिथे नजर, तोल, स्मृती असं दुसरंही काही बिघडतं, एमआरआयमध्ये दिसतं, आणि तिथे हेच उपचार तातडीने द्यावे लागतात. तुमच्या मुलीच्या अहवालात तसं काही नाही.

काढ्यांचं आणखी सरळ आहे. आजार प्रतिकारशक्ती कमी पडल्याने झालेला नाही, ती नको तिथे वळल्याने झालेला आहे. मग ती वाढवून काय साधणार? गुळवेल तर मी स्पष्टपणे नको म्हणेन. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले, आणि त्यात प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला केल्याच्या खुणा होत्या. आल्याचा चहा, कोकमाचं सार प्या खुशाल.

उपयोग होतो तो हरवलेल्या रसायनाची उणीव भरून काढण्याचा. मोडाफिनिलसारखी जाग टिकवणारी औषधं आणि कॅटाप्लेक्सीसाठी व्हेन्लाफॅक्सिन आज आपल्याकडे मिळतात. मुलांत डोस आणि दुष्परिणाम डॉक्टरांनीच बघायचे. व्हेन्लाफॅक्सिन अचानक बंद करू नका, कॅटाप्लेक्सीचे झटके उलटून जोरात येतात. हायपोक्रेटिनचंच काम करणाऱ्या गोळ्यांवर जगभर काम चालू आहे. पहिली आशादायक गोळी यकृताला त्रास देऊ लागली म्हणून थांबवावी लागली. दुसरी, ओवेपोरेक्स्टन, तिच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांचं जागं राहणं निरोगी माणसाच्या जवळ पोहोचलं. तिची वाट पाहत आजचे उपचार मात्र थांबवू नका.

शाळेला लेखी कळवा. दुपारी २० मिनिटांची ठरलेली झोप तिला पुढचे दोन-तीन तास देते. आपल्या गोव्यात दुपारी दुकानं बंद, घरोघरी नुस्त्याच्या हुमणावर, म्हणजे माशाच्या आमटीवर, ताणून द्यायची सवय. त्यामुळे दुपारी पेंगणारं मूल कोणालाच खटकत नाही, आणि सकाळी दहाला पेंगलं की आळशी ठरतं. शिक्षकांना सांगा की ही झोप आळसाची नाही, पेशी गेल्याची आहे. रात्री खोलीत कोणी उभं दिसतं, अंग हलत नाही, असं ती म्हणते ना? तोही आजाराचाच भाग, झोपेत शिरतानाचं स्वप्न. आजीने देवचार, म्हणजे गावचा राखणदार आत्मा, समजून देवळात कौल लावला त्याबद्दल तिच्यावर रागावू नका, फक्त औषध चुकू देऊ नका. एकटीने पोहणं, विहिरीवर जाणं बंद. दुचाकीचा विषय सोळाव्या वर्षी निघेलच. झोप आणि कॅटाप्लेक्सी आटोक्यात आहेत हे डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत किल्ली देऊ नका. वजन वाढत असेल तर तिला खाण्यावरून बोलू नका, हायपोक्रेटिन गेल्यावर, विशेषतः मुलांत, वजन झपाट्याने वाढतं.

आता धाकटा. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना हा आजार होण्याची शक्यता १ ते २ टक्के. इतर मुलांपेक्षा बरीच जास्त, तरीही शंभरांतले ९८-९९ सुटतात. त्याची एचएलए तपासणी करून घेऊ नका, कोणी पैसे न घेता करून देत असलं तरी. जनुक निघालं तर वर्षानुवर्षं तो जांभई दिली की तुम्ही घाबराल, आणि आजार अडवणारं काही आपल्या हातात नाही. त्याच्या सगळ्या लशी वेळेवर होऊ द्या. रात्री पुरेशी झोप होऊनही तो काही आठवडे दिवसा झोपत राहिला, हसताना जबडा किंवा मान सैल पडली, जीभ बाहेर येऊ लागली, तर मोबाइलवर त्या क्षणाचं चित्रीकरण करा आणि घेऊन या. कॅटाप्लेक्सी दवाखान्यात हुकमी दिसत नाही, पण अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवरून ओळखता येते.